बुटातलं पाऊल

शाळेच्या स्नेहसंमेलनात भाचीला टिळक व्हायचं होतं. ग्रीनरूम म्हणून दिलेल्या सातवीच्या वर्गात पावडरीचा आणि घामाचा वास कोंडलेला होता. लाल पगडी मापाची निघाली, धोतर सेफ्टी पिनांच्या आधाराने उभं राहिलं, उपरण्याच्या घड्या बसल्या, काजळाच्या पेन्सिलीने मिशी ओढून झाली. अडलं ते कानातल्यापाशी. तान्ही असताना टोचलेले कान, त्यांत गुलाबी खड्याच्या बारीक कुड्या, आणि वर्षानुवर्षं हातच न लावल्यामुळे घट्ट बसलेली फिरकी. वहिनीने खोबरेल तेलाचं बोट लावलं, पोरीने डोळे मिटून घेतले, आणि एकदाची फिरकी सुटली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की कुडी निघाली तरी भोक आहेच. बाईंनी बोटावर पॅनकेक घेऊन ते बुजवलं. जरा वेळाने घाम आला आणि ते पुन्हा उघडं पडलं. शेवटी बाई म्हणाल्या, "जाऊ दे, लांबून नाही दिसत."

भाषण दणक्यात झालं. टरफलांच्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्यानंतर कोळीनृत्य होतं, त्यात मुली कमी पडल्या म्हणून एका मुलाला लुगडं नेसवलं होतं. तो विंगेतून बाहेर आला मात्र, सगळं सभागृह हसायला लागलं. तो मान खाली घालून नाचला, ताल एकदाही चुकला नाही त्याचा. मिशी लावलेल्या मुलीला टाळ्या आणि लुगडं नेसलेल्या मुलाला हशा, हे काही मला नवं नव्हतं. तरी ते दोन्ही एका संध्याकाळी, एकापाठोपाठ एक बघितलं आणि मनात रुतून बसलं. आणि त्याहून जास्त रुतलं ते कानाच्या पाळीवरचं भोक. अंगरखा, पगडी, मिशी हे सगळं भाड्याने मिळतं. भोकाचं काय करायचं?

गेली काही वर्षं मी चीनमधल्या मिंग आणि छिंग काळातल्या वेशांतराच्या कथा आणि नोंदी मिळतील तिथून वाचतेय. त्या रात्री जेवण झाल्यावर एक जुना प्रसंग आठवला. अठराव्या शतकातल्या त्या थोर चिनी कादंबरीच्या, लाल महालाच्या स्वप्नाच्या, ३१ व्या प्रकरणात शियांगयुन नावाच्या एका खोडकर मुलीची आठवण निघते. तिने एकदा आपल्या नात्यातल्या भावाचा, बाओयूचा, झगा चढवला, त्याचेच बूट घातले, त्याचीच पट्टी कपाळाला बांधली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या आजीला तो आपला नातूच वाटला. ती त्याला जवळ बोलवत राहिली. फरक काय तो एवढाच होता, असं सांगणारी सांगते, की कानांत दोन लोलक जास्त होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून पान उलटलं होतं. आता ते दोन लोलक काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

लांबून बघितलं तर त्या काळातल्या चिनी पुरुषाचा आणि बाईचा पोशाख आपल्याला वाटतो तितका वेगळा नव्हता. दोघांच्या अंगावर लांब झगे, रुंद बाह्या, दोघांनाही रेशीम आणि भरतकाम चालायचं. हे मला पुस्तकातून नाही, एका गाऱ्यावरून, म्हणजे पारशी बायकांच्या भरतकामाच्या साडीवरून कळलं. आमच्या ओळखीच्या एका पारशी मावशींनी त्यांच्या सासूबाईंचा गारा एकदा पलंगावर पसरून दाखवला होता. पारशी व्यापारी मुंबईतून अफू आणि कापूस घेऊन कँटनला जायचे आणि येताना असलं भरतकाम आणायचे, त्यातलाच तो. गडद जांभळं रेशीम, त्यावर पांढऱ्या-मोतिया धाग्यात पूल, कमानी, झाडं आणि चिनी माणसं. जवळ जाऊन बघितलं की सूत इतकं बारीक की टाका कुठे संपतो ते कळू नये, आणि फुलांच्या पोटात मोहरीएवढ्या गाठींचं काम, ज्याला पारशी बायका 'खाखा' म्हणतात. "यातले पुरुष कोण नि बायका कोण?" मी विचारलं. मावशींनी चष्मा वर केला. "डोकी बघ नि पाय बघ. बाकी समदं सरखंच छे." मला तेव्हा ती गंमत वाटली होती. खरं तर मावशींनी एका वाक्यात सगळा विषय सांगून टाकला होता.

डोकं आणि पाय.

डोक्याची गोष्ट रक्ताची आहे. १६४४ मध्ये मिंग राज्य बुडालं, ईशान्येकडचे मांचू बीजिंगमध्ये आले, त्यांची छिंग राजवट सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी फर्मान निघालं की प्रत्येक हान, म्हणजे मूळच्या चिनी पुरुषाने पुढचं डोकं भादरायचं आणि मागे वेणी ठेवायची. केस राखाल तर डोकं जाईल, डोकं राखायचं तर केस जाऊ द्या, असं लोक त्या फर्मानाचं वर्णन करत. त्यापायी गावंच्या गावं कापली गेली. बायकांना मात्र सक्ती झाली नाही. पुरुष वाकले, बायका वाकल्या नाहीत, अशी म्हणच पडली. म्हणजे एकाच घरात नवरा नव्या राज्याच्या वेशात आणि बायको बुडालेल्या राज्याच्या वेशात. या सवलतीत आणखी एक जण होता: नट. रंगमंचावर जुने, मिंग काळचे झगे चालायचे. कोरियाहून बीजिंगला येणाऱ्या राजदूतांनी लिहून ठेवलंय की आपल्या पूर्वजांच्या काळची चिनी वेशभूषा आता फक्त नाटकात बघायला मिळते. ज्या नटांना समाज हीन मानत होता, ज्यांना सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसायलाही बंदी होती, त्यांच्याच पेट्यांमध्ये एका संस्कृतीचे कपडे घडी घालून ठेवलेले होते. घरातल्या बायकांच्या पेट्यांमध्येही. बाई आणि नट यांना राज्यकर्त्यांनी एका रांगेत बसवलं, कारण दोघांचंही तसं काही मोजण्यासारखं नाही असं त्यांना वाटलं. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

पायाची गोष्ट त्याहून लांबची. मांचूंना बांधलेले पाय आवडत नसत, त्यांच्या बायका मोकळ्या पायांनी उंच तळाचे जोडे घालून चालायच्या. कांगशी बादशहाच्या अमदानीत १६६४ मध्ये पाय बांधण्यावर बंदी आली आणि ४ वर्षांत मागे घेतली गेली. ज्या राज्याने कोट्यवधी पुरुषांची डोकी भादरली, त्याला मुलींच्या पायांचं फडकं सोडवता आलं नाही. कारण ते फडकं कुणी शिपाई बांधत नव्हता. आई बांधत होती. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिची चार बोटं तळव्याखाली दुमडायची, वरून लांब पट्टी आवळत न्यायची, तुरटीची पूड टाकायची, दर काही दिवसांनी सोडून धुवायचं आणि अधिक घट्ट बांधायचं. मग त्याच मुलीने सुई हातात धरून त्या पायांसाठी जोडे शिवायचे. तळाला कापडाचे थर, काठाला बारीक टीप, चवड्यावर कमळ किंवा फुलपाखरू. जोड्यांचे कागदी बेत घरातल्या पुस्तकांच्या पानांत दाबून ठेवलेले असत. वेदना आणि कौशल्य एकाच टोपलीत. या जोड्यांचे फोटो बघताना मला नेहमी दोन गोष्टी एकदम होतात: पोटात ढवळतं, आणि ते भरतकाम अजून जरा जवळून बघावंसं वाटतं. ही ओढ मला लपवावीशी वाटत नाही. ज्या मुलीने ते कमळ भरलं, तिला ते सुंदरच व्हायला हवं होतं.

तर आता असा पाय असलेल्या बाईने पुरुष व्हायचं ठरवलं, तर?

बापाऐवजी पुरुषी वेशात लढाईला गेलेल्या मुलानची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मूळचं गीत उत्तरेकडच्या जुन्या राजवटींच्या काळातलं, पाय बांधण्याच्या कितीतरी आधीचं. त्यात तिची तयारी म्हणजे निव्वळ खरेदी आहे: पूर्वेच्या बाजारातून घोडा, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेला लगाम, उत्तरेला लांब चाबूक. परत आल्यावर दुसरी यादी: लढाईचा झगा उतरवला, जुना पोशाख चढवला, खिडकीपाशी केस विंचरले, आरशासमोर कपाळावर पिवळं चिताडलं. वस्तू घेतल्या, वस्तू ठेवल्या, संपलं. पण १६ व्या शतकात शू वेई नावाच्या नाटककाराने हीच मुलान रंगमंचावर आणली, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांना बांधलेल्या पायांशिवाय चांगल्या घरची मुलगी कल्पनेतही येत नव्हती. मग त्याच्या मुलानला लढाईला निघण्याआधी पाय सोडावे लागतात. किती दुखतं ते ती सांगते. आणि पुढची काळजी तिला लगेच पडते: परत आल्यावर लग्न कसं होणार? त्यावर तिच्याकडे घरगुती उपाय आहे. सोऱ्याच्या पाण्यात पाय बुडवले की पूर्वीपेक्षाही लहान होतील! तो सोरा वाचून मी बराच वेळ थांबले होते. बारा वर्षं शत्रूशी लढायला निघालेली पोर, आणि निघतानाच तिच्या डोक्यात परत आवळण्याची सोय. शू वेईने हे हसवायला लिहिलं असेल. पण त्या काळात टाळ्या नेमक्या कशाला मिळत होत्या ते या सोऱ्यावरून कळतं. पुरुष व्हायला हरकत नाही, परतीचं तिकीट खिशात हवं.

म्हणूनच लियू रुशी मला इतकी आवडते. ती कुलीन घरची नव्हती, नाचगाण्याच्या घरातली, कविता करणारी, विशीतली. १६४० च्या हिवाळ्यात ती नावेने चांगशूला आली आणि छियान छियानयी या नामांकित विद्वानाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. छियान तेव्हा साठीच्या घरात होता. त्याच्या एका शिष्याने तिचा वेश टिपून ठेवलाय: डोक्याला विद्वानांचं वस्त्र, अंगात पुरुषी झगा, आणि पायात बाकदार छोटे जोडे. हे तिसरं वाचा. तिने बुटात कापूस भरून पाय लपवला नाही. वर पुरुष, खाली बाई, आणि दोन्ही उघड. कुणाला फसवायचंच नव्हतं तिला. 'तुमच्याशी बरोबरीने बोलायला आलेय, आणि मी कोण आहे तेही बघून घ्या', एवढं ती त्या पोशाखातून बोलून गेली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं, आणि लोकांनी नावं ठेवली तरी छियानने तिला रीतसर पत्नीच्या मानाने घरात आणलं. पुढे कितीतरी चित्रकारांनी तिला त्या पुरुषी वेशातच काढलं.

तिच्यावर विसाव्या शतकात सर्वांत मोठं काम केलं ते चेन यिनके या इतिहासकाराने. युद्धाच्या धामधुमीत कुनमिंगमध्ये एका पुस्तकविक्याकडे त्यांना छियानच्या चांगशूमधल्या बागेतलं म्हणून एक लाल बी मिळालं. ते त्यांनी वीसेक वर्षं जपलं. नंतर ग्वांगझोऊमध्ये, दृष्टी पूर्ण गेलेली असताना, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, तोंडी मजकूर सांगत त्यांनी सुमारे १० वर्षं खर्चून लियू रुशीचं चरित्र पुरं केलं. झग्यांचं, टोप्यांचं, जोड्यांचं जग एका अंध माणसाने कानांनी ऐकून उभं केलं. या माणसाकडे मला पुन्हा यायचंय.

आता त्या लुगडं नेसलेल्या मुलाची बाजू. बीजिंगमध्ये छिंग काळात बायकांना रंगमंचावर बंदी होती, त्यामुळे नायिका पुरुषच. १७७९ मध्ये सिचुआनचा वेई चांगशेंग नावाचा नट राजधानीत आला आणि त्याने शहर वेडं केलं. आधीचे नट डोक्याला कापड गुंडाळून भागवायचे, वेईने खऱ्या केसांचे पट्टे चेहऱ्याभोवती चिकटवून बाईसारखी केशरचना रूढ केली. आणि पायांना लाकूड बांधलं. हे लाकडी जोडे, ज्यांना 'छियाओ' म्हणतात, असे असतात की नटाचं खरं पाऊल जवळजवळ उभं होतं, चवड्यावर सगळा भार येतो, फडक्याने ते पाऊल लाकडाच्या पट्टीला करकचून बांधतात, खाली तीन-चार इंची भरतकाम केलेला जोडा दिसतो आणि वरचं सगळं विजारीत दडतं. म्हणजे बाईचा पाय दाखवायला पुरुषाने स्वतःचा पाय नव्याने बांधून घ्यायचा. १७८५ मध्ये सरकारने वेईच्या नाटकांवर राजधानीत बंदी आणली, तो गेला, पण लाकडी पाय राहिले. शंभराहून अधिक वर्षांनंतर मेई लानफांग नावाचा पोरगा हेच शिकत होता: लांब बाकावर वीट ठेवायची, त्या विटेवर लाकडी जोडे बांधून उभं राहायचं, उदबत्ती जळून संपेपर्यंत. थंडीत बर्फावर. पाय सुजायचे, पोर रडायचं, उतरायची मुभा नसायची.

मेई लानफांग आपल्या बालगंधर्वांपेक्षा ६ वर्षांनी लहान. आजी गंधर्वांचं नाटक बघून आलेली, ती म्हणायची, पदर सावरावा तो त्यांनीच, आम्ही बायका नुसत्या घाई करतो. तिच्या तोंडी थट्टेचा लवलेश नसायचा. दोन्ही ठिकाणी बाईपणाची शिकवण पुरुषाकडून बायकांना मिळाली. पण नऊवारी सोडली की सुटते. विटेवरच्या त्या पोराचा विचार केला की मला पाच वर्षांच्या मुलीचा विचार टाळता येत नाही. दोघांच्या पायांना तीच पट्टी. एकाला रात्री ती सोडता येत होती, आणि त्याच्यासाठी रसिकांनी फुलांच्या नावांनी नटांच्या सौंदर्याच्या वह्या छापल्या. दुसरीला ती जन्मभर सुटली नाही. तरी त्या पोराचं दुःख खोटं ठरत नाही. वह्या छापणारे रसिक त्याला जेवणाच्या बैठकीत शेजारी बसवत आणि त्याची गणना मात्र नीच लोकांतच होत राही. युद्धात जपान्यांनी गाणं मागितलं तेव्हा याच मेईने मिशी वाढवली आणि नायिका होणं थांबवलं. मिशी हे एका नटाजवळचं हत्यार होऊ शकतं, हे त्याच्यामुळे मला कळलं.

रंगमंचाबाहेर पुरुषाने ही रेषा ओलांडली तर हसण्यावर भागत नसे. १४७७ मध्ये शान्सी प्रांतातल्या सांग चोंग नावाच्या माणसाला तुकडे तुकडे करून मारलं. त्याने पाय बांधून घेतले होते, केस वाढवले होते, आणि शिवणटिपण, जोड्यांवरचं भरतकाम अशी बायकांची कामं शिकून घेतली होती. कला शिकवणारी बाई म्हणून तो १० वर्षं गावोगाव हिंडला, घराच्या आतल्या भागात शिरला आणि तिथल्या बायकांना नासवलं, असा त्याचा कबुलीजबाब आहे. पकडला गेला तो एका घरातल्या पुरुषाने त्याला बाई समजून त्याच्यावर जबरदस्ती करायला घेतली म्हणून. त्याच्या गुन्ह्याबद्दल मला दयामाया नाही. पण त्या प्रकरणाची नोंद वाचताना अधिकाऱ्यांची धास्ती सुईपाशी अडकलेली दिसते. ज्याला उत्तम टीप घालता येते त्याला बाईच्या खोलीचं दार उघडतं. हातात कला असली की पुरावा मागायची गरज कुणाला वाटली नाही. आणि पुढे कित्येक पिढ्या या एका माणसाच्या नावाने, बाईपणाकडे झुकणाऱ्या दुसऱ्या निरपराध पुरुषांना घाबरवलं गेलं असणार, असं मला राहून राहून वाटतं.

बायकांनी हे सगळं स्वतः लिहिलं तेव्हा काय झालं?

हांगझोऊच्या वू झाओचे वडील व्यापारी, नवराही व्यापारी. घरात पुस्तकांची आवड बहुधा तिला एकटीलाच. तिने लिहिलेलं एकांकी नाटक १८२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एकच बाई आहे. तिने स्वतःचं चित्र काढलंय, पुरुषी वेशातलं, दारू पिता पिता 'ली साओ' वाचणाऱ्या विद्वानाचं. आज ती स्वतःही बायकी कपडे उतरवून तसाच झगा चढवते, चित्र टांगते, चित्रासमोर बसून प्याला भरते आणि वाचते. ती हसते, रडते, त्या चित्राशी जिवलग मित्राशी बोलावं तसं बोलते. घडत काहीच नाही. ती परीक्षेला जात नाही, लढाईवर जात नाही, कुणी तिला ओळखत नाही की पकडत नाही. एका खोलीत एक बाई, एक झगा, एक चित्र आणि हद्दपार झालेल्या कवीची जुनी कविता. हे नाटक शांघायमध्ये झालं तेव्हा तिची भूमिका एका पुरुष नटाने केली. म्हणजे पुरुषाने बाई व्हायचं आणि त्या बाईने पुन्हा पुरुष व्हायचं. त्याने पायांना काय घातलं असेल, हा प्रश्न मला पडतोच. ८० वर्षांनंतर च्यु जिन या क्रांतिकारक बाईने पाय सोडवले, जपान गाठलं, पुरुषी कपड्यांत फोटो काढून घेतला आणि त्या फोटोवर कविता लिहिली: समोर उभा हा कोण? मागच्या जन्मी वीराची हाडं असतील, या देहात राहायला आली याचा त्यांना पस्तावा होतोय. १५ जुलै १९०७ ला शाओशिंगमध्ये तिचा शिरच्छेद झाला. वू झाओच्या चित्रापासून या फोटोपर्यंतचं अंतर मला खूप कमी वाटतं.

पण या सगळ्या जणींच्या आधीची, १७५१ मध्ये जन्मलेली चेन दुआनशेंग माझ्या मनात सर्वांत पुढे आहे. हांगझोऊच्या विद्वान घराण्यातली ही मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी बीजिंगमध्ये एक लांबलचक गेय आख्यान लिहायला बसली. तिची नायिका मंग लीजुन सक्तीच्या लग्नातून सुटण्यासाठी पुरुषी कपडे घालून घर सोडते. निघताना स्वतःचं चित्र काढून मागे ठेवते. नाव बदलते, परीक्षा देते, सर्वांत पहिली येते, आणि चढत चढत साम्राज्याची मुख्यमंत्री होते. तिचा ठरलेला नवरा तिचाच विद्यार्थी होऊन तिच्यापुढे वाकतो. बाप आणि भाऊ दरबारात तिच्याखाली आहेत. ते ओळखतात, विनवतात, आईचं आजारपण पुढे करतात. ती क्षणभर हलते आणि पुन्हा सावरते. कारण आता तिला परत जायचंच नाहीये. काम तिला जमतंय, आवडतंय. मुलानसारखी ती बापासाठी गेली नव्हती, की तिच्या खिशात सोराही नव्हता.

तिला कुणी वादात हरवू शकत नाही. मग तिला दारू पाजतात. राजवाड्यात ती शुद्ध हरपून पडते आणि दासी तिचे बूट ओढून काढतात. मुख्यमंत्र्याच्या जड दरबारी बुटाच्या आत चिमुकला भरतकाम केलेला जोडा. परीक्षा, राज्यकारभार, इतक्या वर्षांची बुद्धी, सगळं त्या तीन-चार इंची कापडापाशी येऊन थांबतं. बादशहाला कळतं. तो गुपित राखायला तयार आहे, पण त्याला ती स्वतःसाठी हवी आहे. मंग लीजुनला रक्ताची उलटी होते.

आणि इथे चेन दुआनशेंगने लेखणी ठेवली.

पहिले १६ खंड तिने विशीच्या आतच पुरे केले होते. मग आई गेली. लग्न झालं, पोरं झाली. परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या खटल्यात नवरा १७८० मध्ये पार पश्चिमेला, इलीला हद्दपार झाला. एव्हाना हस्तलिखितं झेजियांगभर हातोहात फिरत होती, बायका पुढचं मागत होत्या. १७८४ मध्ये तिने १७ वा खंड लिहिला, आणि पुढे मृत्यूपर्यंत १२-१३ वर्षांत एक ओळ नाही. चेन यिनके तरुणपणी अशा आख्यानांना फारसं मानत नसत. म्हातारपणी, डोळे गेल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून हे ऐकताना त्यांना या बाईचं मोठेपण जाणवलं, आणि लियू रुशीच्या आधी त्यांनी तिच्यावर लिहिलं. तिच्या मनाची स्वतंत्र वृत्ती त्यांनी ओळखली. ज्या माणसाला जोडा दिसत नव्हता, त्याला तिची अडचण दिसली.

पुढचे ३ खंड लियांग देशेंग या कवयित्रीने लिहून कथा पुरी केली. मंग लीजुनला माफी मिळते, ती पुन्हा बाई होते, त्याच ठरलेल्या मुलाशी लग्न होतं, आणि तिच्यासोबत आणखी दोघी त्याच घरात नांदतात. आजही संगीतिकांमध्ये बहुतेक हाच शेवट असतो, सनई-चौघडे वाजतात, लोक समाधानाने घरी जातात. लियांगचा मला राग नाही. तिला वाचणाऱ्या बायकांना आपली लेक घरी आलेली हवी होती. पण चेन दुआनशेंगला हा शेवट सुचला नसेल असं मला अजिबात वाटत नाही. तो तर सगळ्यांनाच सुचतो. तिने तो १२ वर्षं लिहिला नाही.

माझं विचाराल तर मला तिसरंच काहीतरी हवं होतं. शुद्धीवर आल्यावर मंग लीजुनने चूळ भरावी, रक्त पुसावं, दासीकडून बूट मागून घ्यावेत, आत पुन्हा कापूस ठासावा आणि उजाडायच्या आत दरबारात हजर व्हावं. सगळ्यांना माहीत झालंय तर होऊ दे. दुष्काळाचे, सरहद्दीचे, परीक्षांचे कागद तिच्या टेबलावर तसेच पडलेत, आणि त्या दरबारात ते तिच्याइतके नीट वाचणारं दुसरं कुणी नाही.